मधमाशीच्या विषाच्या प्रतिऑक्सिडीकारक आणि दाहशामक चाचण्या : हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न : रसशाळा

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी असून प्रबंधासाठी मधमाशीच्या विषाची प्रतिऑक्सिडीकारक आणि दाहशामक क्षमता तपासत आहे. एपिस मेलिफेरा जातीच्या माश्यांचे, विजेच्या सौम्य झटक्याने काचेवर गोळा करून खरवडलेले कोरडे विष मला मिळाले आहे. आमच्या प्रयोगशाळेत आजवर मुख्यतः वनस्पतींच्या अर्कांवर काम झाले असल्यामुळे चाचण्यांच्या लिखित पद्धतीही त्या अर्कांसाठीच बसवलेल्या आहेत, आणि मी त्या जशाच्या तशा विषाला लावल्या.

डीपीपीएच चाचणीत, म्हणजे डीपीपीएच या जांभळ्या मूलकाला (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील रेणूला) नमुना विझवतो का हे पाहताना, मेथॅनॉलमध्ये नमुना मिसळताच द्रावण किंचित गढूळ झाले. मूलकांचा जांभळा रंग निम्म्यावर येण्यासाठी विषाची संहती १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास न्यावी लागली, तर तुलनेसाठी घेतलेल्या क जीवनसत्त्वाला काही मायक्रोग्रॅम पुरले. एकूण फिनॉलांचे प्रमाण मात्र अनपेक्षितपणे जास्त आले. तांबड्या पेशींचे पटल फुटण्यापासून वाचते का हे पाहणाऱ्या पटलस्थैर्याच्या चाचणीत पेशींचे रक्षण होण्याऐवजी सर्व नळ्यांतील द्रव लाल आणि पारदर्शक झाला. शेवटी एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातील दाहजनक रेणू) देऊन चेतवलेल्या रॉ २६४.७ या उंदराच्या महाभक्षी (रोगप्रतिकारक) पेशींना ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर विष दिले, तेव्हा ग्रीस अभिकारकाने मोजलेले नायट्राइट (दाहात पेशींनी तयार केलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) जवळजवळ शून्यावर आले. हा शेवटचा निकाल पाहून मला फार आनंद झाला होता, परंतु तांबड्या पेशींचा निकाल त्याच्या शेजारी ठेवल्यावर मन साशंक झाले. या दोन निकालांची संगती कशी लावावी, आणि पुढील प्रयोग कोणत्या क्रमाने करावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : प्रयोगवही

आपली शंका योग्य आहे आणि ती वेळेवर आली आहे. वनस्पतीच्या अर्कात फिनॉले असतात आणि ती मूलकांना इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देतात, या गृहीतावर या पद्धती उभ्या आहेत. विषाची घडण वेगळी आहे. कोरड्या विषात साधारण निम्मा वाटा मेलिटिन या २६ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचा असतो. त्याखालोखाल फॉस्फोलायपेझ ए२ हे एन्झाइम १० ते १२ टक्के असते, आणि उरलेल्या भागात अपामिन, मास्ट पेशींतील कण बाहेर काढणारे एमसीडी पेप्टाइड, हायल्युरोनिडेझ, अॅडोलापिन, हिस्टामिन आणि अगदी अल्प प्रमाणात डोपामिन व नॉरअॅड्रेनॅलिन असते. म्हणून प्रत्येक चाचणीत, मोजला जाणारा परिणाम या मिश्रणातील नेमक्या कोणत्या घटकाकडून येत असेल, हा विचार आधी करावा लागतो.

मेलिटिनची अमिनो आम्ले पाहिली, तर त्यात सिस्टीन नाही, टायरोसिन नाही, मेथिओनिन नाही आणि हिस्टिडीनही नाही. मूलकाशी झुंजू शकेल असे त्यात १९व्या स्थानावरील एकच ट्रिप्टोफॅन आहे. अपामिन आणि एमसीडी पेप्टाइड यांत सिस्टीने आहेत, पण ती डायसल्फाइड बंधांत अडकलेली असल्यामुळे मोकळा थायॉल गट मिळत नाही. ट्रिप्टोफॅन एबीटीएस या अशाच दुसऱ्या चाचणीतील मूलकाशी बऱ्यापैकी अभिक्रिया करते, डीपीपीएचशी मात्र फारशी करत नाही. त्यामुळे आपल्याला डीपीपीएचमध्ये आलेला दुबळा निकाल हा प्रयोगातील दोष नसून रेणूंच्या रचनेतून निघणारा अपेक्षित निकाल आहे, असे माझे मत आहे.

उलट, जो थोडा परिणाम दिसला तो कोठून आला, हाच मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन हे कॅटेकॉल (फिनॉलांचाच एक प्रकार) आहेत आणि कॅटेकॉल हे डीपीपीएचचे मूलक झपाट्याने विझवतात. समजा विषात अर्धा टक्का डोपामिन आहे. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणात ते ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ३३ मायक्रोमोलर होईल. डीपीपीएच स्वतः बहुधा १०० मायक्रोमोलरच्या आसपास घेतले जाते आणि एक कॅटेकॉल साधारण दोन मूलकांना पुरा पडतो. म्हणजे आपण मेलिटिनच्या नावावर जमा करत असलेला परिणाम पूर्णपणे या चिमूटभर अमाइनांचा असू शकतो. याची शहानिशा अवघड नाही. ५०० ते १००० डाल्टन छेद असलेल्या पडद्यातून नमुन्याचे डायालिसिस करावे. मेलिटिनचा रेणुभार सुमारे २८४७ असल्याने ते आत राहते आणि अमाइने निघून जातात. डायालिसिसपूर्वीचा व नंतरचा नमुना, आणि सोबत संश्लेषित मेलिटिन, अशा तिघांची एकाच दिवशी तुलना केल्यास उत्तर मिळेल. शुद्ध केलेल्या नैसर्गिक मेलिटिनमध्ये फॉस्फोलायपेझचा अंश राहून जाऊ शकतो, म्हणून मी मुद्दाम संश्लेषित म्हणत आहे.

गढूळपणाचे कारण असे की विषातील मोठी प्रथिने मेथॅनॉलमध्ये साक्याच्या रूपाने बाहेर पडतात. ५१७ नॅनोमीटरवर हा साका प्रकाश विखुरतो, शोषकता वाढवतो आणि खरा परिणाम झाकतो. त्यामुळे प्रत्येक संहतीसाठी डीपीपीएच नसलेला, फक्त नमुना आणि मेथॅनॉल असलेला ब्लँक स्वतंत्रपणे ठेवणे आवश्यक आहे. माझा सल्ला असा की मुख्य भर जलीय माध्यमात चालणाऱ्या एबीटीएस चाचणीवर ठेवावा. पोटॅशियम परसल्फेटसह मूलक रात्रभर अंधारात तयार होऊ द्यावा, ७३४ नॅनोमीटरवर वाचन घ्यावे आणि निकाल ट्रोलॉक्स या प्रमाण प्रतिऑक्सिडीकारकाच्या तुल्य प्रमाणात मांडावा.

एकूण फिनॉलांचा आकडा मात्र कृपया प्रबंधातून काढून टाकावा. फिनॉले मोजण्यासाठी वापरला जाणारा फोलिन अभिकारक टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन यांच्याशीही रंग देतो, आणि १९५१पासून वापरात असलेली प्रथिने मोजण्याची लॉरी पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. आपण विषातील फिनॉले मोजली नसून बहुतांशी प्रथिने मोजली आहेत.

उत्तर २ : मधुपेटी

मी प्रयोगशाळेत काम करत नाही. माश्या पाळतो आणि गेली काही वर्षे विष गोळा करतो, म्हणून नमुन्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

विष गोळा करण्याची चौकट पेटीच्या दारापाशी किंवा पोळ्यांच्या वर ठेवली जाते. तारांमधून झटका बसला की माशी काचेवर नांगी टेकवते, विषाचा थेंब सोडते आणि नांगी न गमावता उडून जाते. एका माशीकडून फार तर मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक कोरडे विष मिळते. पण त्याच काचेवर माश्यांच्या पायांना लागलेले परागकण, मधाचे शिंतोडे, मेणाचे कण आणि राळेसारखा प्रोपोलिसही येतो. प्रोपोलिस फिनॉलांनी आणि फ्लॅव्होनॉइडांनी भरलेला असतो. वरच्या उत्तरात डोपामिनविषयी जे गणित मांडले आहे, तेच प्रोपोलिसच्या एखाद्या कणालाही लागू पडेल असे मला वाटते. विष किती स्वच्छ आहे हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून ज्यांच्याकडून नमुना घेतला त्यांना काच कोठे ठेवली होती, काचेवर पातळ पडदा ताणला होता का, आणि खरवडलेली भुकटी पुढे गाळली होती का, हे अवश्य विचारावे.

दुसरी गोष्ट रंगाची आहे. ताजे सुकलेले विष पांढरट असते. हवा आणि उजेड लागला की ते पिवळसर आणि पुढे तपकिरी होत जाते, म्हणजेच त्याचे ऑक्सिडीकरण होत असते. प्रतिऑक्सिडीकारक क्षमता मोजण्यासाठी आधीच ऑक्सिडीकरण झालेला नमुना घेतला, तर मोजलेला आकडा कोणत्या विषाचा म्हणायचा? नमुना हाती आला त्या दिवसाचा रंग टिपून ठेवावा, एकदम सगळी बाटली न उघडता लहान लहान कुप्या कराव्यात आणि त्या उणे २० अंश सेल्सियसला अंधारात, ओलावा न लागू देता ठेवाव्यात. विष गोळा करताना माश्या फार चिडतात आणि वसाहतीवर ताण येतो, त्यामुळे प्रत्येक मिलिग्रॅम जपून वापरला जावा असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३ : पेशीसंवर्धन

मधुपेटी यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो की नमुना हाती आल्यावर पहिला प्रयोग कोणत्याही क्षमतेचा न करता ओळखीचा करावा. सी-१८ स्तंभावर एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करणारी पद्धत) चालवून २२० नॅनोमीटरवर मेलिटिनचे प्रमाण ठरवावे आणि फॉस्फोलायपेझची क्रियाशीलता स्वतंत्रपणे मोजावी. हे केल्याशिवाय "इतके मायक्रोग्रॅम विष दिले" या वाक्याला दुसऱ्या प्रयोगशाळेत फारसा अर्थ उरत नाही.

आता दाहाच्या चाचण्यांकडे येतो, कारण आपला मूळ प्रश्न तेथे आहे. मेलिटिन हे पेशीपटलात शिरून छिद्रे पाडणारे पेप्टाइड आहे, आणि फॉस्फोलायपेझ ए२ त्याच पटलातील मेदरेणू तोडते. ही जोडी मिळून तांबड्या पेशी फोडते. नळ्यांतील द्रव लाल आणि पारदर्शक झाला तो याचमुळे. पटलस्थैर्याची चाचणी ज्या द्रव्यांसाठी आहे त्यांच्या नेमके विरुद्ध काम करणारे हे द्रव्य असल्यामुळे ती चाचणी दाहशामकतेचा पुरावा म्हणून येथे वापरताच येत नाही. परंतु तो प्रयोग वाया गेला असे समजू नये. संहती कमी करत जाऊन रक्तविलयाचा (तांबड्या पेशी फुटण्याचा) आलेख काढावा. त्यातून पुढील सर्व प्रयोगांसाठी मात्रेची वरची मर्यादा मिळेल. अल्ब्युमिनच्या विकृतीकरणाच्या चाचणीचाही आग्रह धरू नये, कारण मेलिटिन अल्ब्युमिनला थेट चिकटते आणि उष्णतेने येणारा गढूळपणा कमी-जास्त होणे हे दाहाच्या प्रक्रियेबद्दल काहीच सांगत नाही.

महाभक्षी पेशींचा निकाल आता गणिताने पाहू. आपण ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर विष दिले. त्यात निम्मे मेलिटिन धरले तर २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ९ मायक्रोमोलर होते. मेलिटिन काही थोड्या मायक्रोमोलरलाच तांबड्या पेशी फोडते. त्यामुळे आपल्या थाळीतील महाभक्षी पेशींपैकी बहुतेक मेल्या असाव्यात, आणि मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाही. नायट्राइट शून्यावर येण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. ते खोडून काढल्याशिवाय दाहशामक हा शब्द लिहू नये.

ते खोडून काढण्यासाठी एमटीटी चाचणी (जिवंत पेशींचे प्रमाण दाखवणारी) बहुतेक जण करतात, परंतु ती एकटी पुरेशी नाही. मेलिटिनचा घाव काही मिनिटांत पडतो. २४ तासांनंतर एमटीटी करताना काही पेशी फुटून गेलेल्या असतात, वाचलेल्या पेशी दरम्यान वाढलेल्या असतात, आणि आकडा बरा दिसतो. म्हणून विष दिल्यानंतर एका तासाने माध्यमात गळालेले लॅक्टेट डिहायड्रोजिनेझ हे पेशीच्या आतील एन्झाइम मोजावे आणि २४ तासांनी एमटीटी करावी. या दोन्हींत पेशी सुरक्षित दिसतील त्या संहतींवरच नायट्राइट मोजावे. माझ्या अनुभवात ही मर्यादा बहुधा १० मायक्रोग्रॅमच्या खाली येते, पण माध्यमातील सीरमनुसार ती सरकते, कारण सीरममधील प्रथिने मेलिटिनला धरून ठेवतात. १० टक्के सीरममध्ये निर्धोक ठरलेली मात्रा सीरमविरहित माध्यमात मारक ठरू शकते. विषारीपणाची चाचणी आणि नायट्राइटची चाचणी अगदी एकाच माध्यमात व्हायला हवी, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ही चूक नंतर कोणत्याही आकडेमोडीने दुरुस्त होत नाही.

पेशी जिवंत राहून नायट्राइट घटले, तरी एक शंका उरते. एलपीएस हा ऋणभारित रेणू आहे आणि मेलिटिन धनभारित. दोघे माध्यमातच एकमेकांना चिकटले तर एलपीएस पेशीपर्यंत पोहोचतच नाही, आणि पेशीच्या आतील संदेशवहनावर काहीही परिणाम न होता दाह कमी झाल्यासारखा दिसतो. यासाठी पेशींना आधी विष द्यावे, ते धुऊन काढावे आणि मग एलपीएस द्यावे. सोबत इंटरफेरॉन-गॅमासारख्या वेगळ्या चेतकावरही एक प्रयोग करावा. याशिवाय ठरावीक नायट्राइटच्या द्रावणात विष मिसळून ग्रीस अभिकारकाचा ५४० नॅनोमीटरवरील रंग जसाच्या तसा येतो का, हेही पाहून घ्यावे.

या सर्व चाळण्यांतून उरलेला परिणाम मात्र खरोखर मोलाचा ठरेल. तसे घडूच शकत नाही असे मी म्हणत नाही. २००४ साली कोरियातील संशोधकांनी विष आणि मेलिटिन एनएफ-कप्पा-बी या दाहाची जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाच्या पी५० या उपघटकाशी जोडले जाऊन दाहकारक रेणूंची निर्मिती रोखतात असे दाखवले होते. त्याआधी १९७३ मध्ये एमसीडी पेप्टाइडचा आणि १९८२ मध्ये अॅडोलापिनचा दाहशामक परिणाम प्रसिद्ध झाला होता. आपल्या प्रबंधात नायट्राइटबरोबर टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ या दाहकारक संदेशरेणूंचे एलायझाने (प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने) मापन, आणि शक्य झाल्यास आयकप्पाबीचे (एनएफ-कप्पा-बीला रोखून धरणाऱ्या प्रथिनाचे) विघटन वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखण्याच्या पद्धतीने, एवढे असले तरी युक्तिवाद भक्कम होईल. तुलनेसाठी डेक्सामेथासोन हे ज्ञात दाहशामक औषध ठेवावे.

रसशाळा

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. ५० मायक्रोग्रॅमच्या त्या थाळीचे छायाचित्र आज पुन्हा पाहिले, तेव्हा पेशी आक्रसून तळापासून सुटलेल्या स्पष्ट दिसल्या. त्या दिवशी माझे लक्ष केवळ शोषकतेच्या आकड्यांवर होते. आता एचपीएलसी, रक्तविलयाचा आलेख, दोन वेळांच्या विषारीपणाच्या चाचण्या आणि त्यानंतर नायट्राइट असा क्रम ठरवला आहे.

दोन गोष्टी अजून विचारते. पेशींमधील ऑक्सिडीकारक ताण मोजण्यासाठी डीसीएफ या ऑक्सिडीकरणाने चमकणाऱ्या रंजकाची चाचणी करावी का? आणि मार्गदर्शकांनी सुचवल्याप्रमाणे उंदरांच्या पंजाला कॅराजीननने सूज आणून पाहण्याचा प्रयोग या टप्प्यावर योग्य ठरेल का?

उत्तर ४ : प्रयोगवही

डीसीएफ चाचणीत रंजक पेशीच्या आत साठून चमकावे लागते. पेशीपटलाला छिद्रे पडली की रंजक बाहेर गळते, पेशींतील चमक कमी होते आणि विषाने ऑक्सिडीकारक रेणू नष्ट केले असे भासते. माध्यम काढून त्याचीही चमक मोजली तर ही फसगत उघडी पडते, त्यामुळे ती चाचणी करायचीच असेल तर पेशी आणि माध्यम अशी दोन्ही मापने घ्यावीत. मला स्वतःला निर्धोक मात्रेवर ग्लुटाथायोन, कॅटालेझ आणि हीम ऑक्सिजिनेझ-१ या पेशीतील संरक्षक रेणूंतील बदल पाहणे अधिक विश्वासार्ह वाटते. विषाची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता असलीच, तर ती मूलक थेट विझवण्यात नसून पेशीच्या स्वतःच्या संरक्षणयंत्रणेला जागे करण्यात असण्याची शक्यता मला जास्त दिसते. डीपीपीएचमध्ये परिणाम दिसायला आपल्याला १ मिलिग्रॅम लागला, आणि पेशी १० मायक्रोग्रॅमलाही कशाबशा टिकतात. या शंभरपटीच्या अंतरामुळे नळीतील त्या परिणामाचा जिवंत पेशीशी संबंध जोडता येत नाही, हे प्रबंधात आपण स्वतःहून लिहिले तर परीक्षकांना ते निश्चित आवडेल.

प्राण्यांवरील प्रयोगाबद्दल माझे मत नकाराचे आहे, निदान या टप्प्यावर. विष टोचल्याने त्या जागी स्वतंत्र सूज आणि वेदना येतात, इतक्या की मधमाशीचे विषच दाह निर्माण करण्याचे प्रारूप म्हणून संशोधनात वापरले जाते. शिवाय विषामुळे अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसोलसारखी संप्रेरके स्रवतात, आणि पंजाची सूज त्यांनीही उतरते. विषाचा परिणाम आणि शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी अधिवृक्क काढलेल्या प्राण्यांचा गट लागेल. एवढ्या प्राण्यांना वेदना देण्याइतका आधार पेशींवरील प्रयोगांतून अजून मिळालेला नाही.

उत्तर ५ : पेशीसंवर्धन

एक बाब आधीच सांगायला हवी होती. कोरडे विष तोलताना त्याची भुकटी हवेत उडते आणि श्वासावाटे जाऊन ॲलर्जी निर्माण करू शकते. फॉस्फोलायपेझ ए२ आणि हायल्युरोनिडेझ हे दोन्ही प्रमुख ॲलर्जीकारक आहेत, आणि काही महिने काहीही त्रास न झालेल्या व्यक्तीलाही पुढे तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. मास्क आणि हातमोजे घालून, वारे थांबवलेल्या बंदिस्त जागी तोलावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे बंद कुपीचेच वजन करून तीत सुईने द्रावक सोडणे, म्हणजे भुकटी उघडी पडतच नाही. द्रावण झाल्यावर ते कमी चिकटणाऱ्या नळ्यांत ठेवावे, कारण विरल द्रावणातील मेलिटिन साध्या काचेला आणि प्लास्टिकला चिकटून घटत जाते. आपल्या गटात कोणाला पूर्वी मधमाशीच्या दंशाने अंगभर पित्त उठले असेल किंवा धाप लागली असेल, तर त्या व्यक्तीने हे काम करू नये, आणि अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन कोठे ठेवले आहे व ते कोण देऊ शकते, हे पहिली कुपी उघडण्यापूर्वी सर्वांना माहीत असावे.